आज्ञा आणि प्रकरण : महानुभाव आचारसूत्रांतील नैतिक विसंगतीचा प्रश्न

'लीळाचरित्रा'च्या एकांकात चक्रधरस्वामी बहुतांशी एकटे हिंडतात. त्या एकाकी भ्रमंतीत त्यांच्यामागे निघालेल्या मोजक्या माणसांपैकी निळभट भांडारेकार हा एक. तो भंडाऱ्याचा, म्हणून भांडारेकार. पंथाच्या आचारसूत्रांत साधकाने स्वदेशाचा संबंध सोडावा, स्वग्रामाचा सोडावा आणि आप्तांचा तर विशेषत्वाने सोडावा अशी आज्ञा आहे. भांडारेकाराने ही आज्ञा ती सूत्ररूपाने ग्रथित होण्यापूर्वीच आचरून दाखवली. गाव सोडून गेलेल्या या माणसाची ओळख मात्र सात शतकांहून अधिक काळ त्याच्या गावाच्या नावानेच टिकली आहे. नामकरणाचा हा निव्वळ योगायोग असेल. परंतु ज्याचा त्याग करायचा तेच नावाला चिकटून राहते ही गोष्ट या सूत्रांकडे पाहताना विसरता येत नाही.

याच आचारसूत्रांत दुसरी एक आज्ञा आहे आणि ती पंथाबाहेरही प्रसिद्ध आहे. साधकाच्या हातून, त्याच्या वागण्यामुळे, एखाद्या मुंगीलाही वैधव्य येऊ नये, असा तिचा आशय. तेथे योजलेला विधवावाचक शब्द आज मराठीत शिवी म्हणून उरला आहे. तेराव्या शतकात तो एका स्थितीचे साधे नाव होता. अहिंसेचा उपदेश भारतीय परंपरेत विपुल आहे, पण 'मुंगी मारू नका' असे न म्हणता 'मुंगीला विधवा करू नका' असे म्हणण्यात लक्ष मरणाऱ्यावरून मागे राहणाऱ्यावर सरकते. हिंसेचे मोजमाप येथे मेलेल्याच्या वेदनेने होत नाही, उरलेल्याच्या आयुष्याने होते. मध्ययुगीन मराठी गद्यात इतक्या थोड्या शब्दांत एवढे मोठे नैतिक स्थलांतर घडवणारे दुसरे वाक्य मला माहीत नाही.

आता या दोन आज्ञा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. आप्तांचा त्याग करून निघालेल्या गृहस्थाच्या घरी जी स्त्री उरते तिचे काय? नवरा जिवंत असून तिच्या वाट्याला वैधव्याचेच जिणे येते. मुंगीच्या वैधव्याने व्यथित होणारी वाणी आणि या स्त्रीचा उल्लेखही न करणारी वाणी एकाच मुखातली आहे. पंथाच्या श्रद्धेनुसार ते मुख परमेश्वराचे आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ही विसंगती आणि ती सोडवण्यासाठी महानुभाव पंडितांनी घडवलेली वाचनपद्धती हा आहे. ती पद्धती मराठीतील पहिली व्यवस्थित अर्थनिर्णयनपद्धती म्हणावी इतकी सूक्ष्म आहे. ती नेमकी कोठे थांबते हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे.

परस्परविरोधी विधींचा प्रश्न पूर्वमीमांसेने आधीच हाताळलेला होता. अतिरात्र यागात षोडशी पात्र घ्यावे असे एक वचन सांगते, घेऊ नये असे दुसरे. मीमांसक तेथे विकल्प मानतात. हा केवळ कर्मकांडातला पेच आहे. खरा नैतिक पेच कोणत्याही भूताची हिंसा करू नये हा सामान्य निषेध आणि यागात पशूचे आलंभन करावे हा विशेष विधी यांच्यातला. मीमांसकांचे उत्तर असे की, विशेषाने सामान्याचा संकोच होतो, म्हणून यज्ञातील हिंसा ही त्या निषेधाच्या कक्षेतच येत नाही. सांख्यांना हे पटले नाही. ईश्वरकृष्णाने वैदिक उपायाला अविशुद्ध म्हटले आणि वाचस्पतिमिश्राने त्यावर लिहिताना असा युक्तिवाद केला की, दोन वचनांत विरोधच नाही. एक वचन हिंसेने पाप लागते असे सांगते, दुसरे हिंसा यागाला उपकारक आहे असे सांगते आणि दोन्ही खरी आहेत. यजमानाला स्वर्गही मिळेल आणि पापाचा अंशही भोगावा लागेल. धर्माज्ञेचे पालन करूनही काही नैतिक शेष उरतो हे मान्य करण्याचे असे धैर्य धर्मशास्त्रीय वाङ्मयात क्वचितच दिसते. पुढील विवेचनासाठी हा 'शेष' ध्यानात ठेवावा.

महानुभावांपुढचा प्रश्न मात्र मुळातच वेगळा होता. मीमांसकाचा वेद अपौरुषेय; त्याला वक्ता नाही, म्हणून प्रसंग नाही. महानुभावांची श्रुती विशिष्ट स्थळी, विशिष्ट माणसापुढे, बोलीभाषेत उच्चारलेली. सूत्र कोठे उच्चारले गेले, समोर कोण बसले होते, स्वामी त्या वेळी काय करीत होते, हे सारे म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरच्या पादात नागदेवाचार्य आणि इतर प्रत्यक्षदर्शी यांना विचारून विचारून लिहून काढले. यादव राज्य मोडत असतानाच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि ती पुन्हा स्मरणातून उभी करावी लागली, असे परंपरा सांगते. हिराइसेसारख्या स्त्रीच्या पाठांतराला त्यामुळे ग्रंथप्रामाण्य आले. निरनिराळ्या स्मरणांतून आलेले पाठभेद पंडितांनी टाकून दिले नाहीत. 'वासना' या संज्ञेखाली ते नोंदवले. ईश्वराचे शब्द भक्तांच्या मनांवर वेगवेगळे उमटले, हे एखाद्या धर्मपरंपरेने आपल्या मुख्य संहितेतच मान्य करावे ही गोष्ट सामान्य नव्हे. हरि नारायण नेने आणि वि. भि. कोलते या नागपूरच्या संशोधकांनी या संहितेच्या संपादनात आयुष्याची बरीच वर्षे घातली. या वासनांची गुंतागुंत हे त्याचे एक कारण होते.

या लीळांमधून स्वामींची वचने वेगळी काढून केशिराजबासांनी 'सूत्रपाठ' सिद्ध केला. विचार, आचार, त्यांच्या मालिका अशी त्याची प्रकरणे. माझ्या मते नैतिक विसंगतीचा जन्म या निवडीच्या क्षणी होतो, निदान ती दृश्यमान तेव्हा होते. लीळेत जे वचन दमलेल्या, घाबरलेल्या किंवा हट्ट धरून बसलेल्या एखाद्या शिष्याला उद्देशून होते ते सूत्रात सर्वांसाठी आणि सर्व काळासाठी झाले. उच्चार ही घटना असते, लेखनात घटना गळते आणि अर्थ उरतो, असे पॉल रिकरने १९७६ साली म्हटले. केशिराजबासांच्या हातून हेच चौदाव्या शतकाच्या उंबरठ्यावर घडले. पण पंथाच्या पंडितांना गळलेल्या घटनेची चुटपुट लागून राहिली आणि तिच्यातून 'प्रकरणवश' हा टीकाप्रकार निर्माण झाला. सूत्र घ्यायचे आणि ते कोणत्या प्रसंगी, कोणाला, कोणत्या हेतूने निरूपिले गेले ते सांगायचे. सूत्राला पुन्हा लीळेच्या कुशीत नेऊन ठेवायचे. अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या १९८३ च्या सूत्रपाठविषयक ग्रंथामुळे या टीकापरंपरेकडे मराठीबाहेरच्या अभ्यासकांचेही लक्ष गेले. आपल्याकडे मात्र तिला 'सांप्रदायिक' म्हणून बाजूस ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही.

ही पद्धती जेथे यशस्वी होते तेथे ती फार सुंदर रीतीने होते. मातापूर आणि कोल्हापूर येथे जाऊ नये अशी आज्ञा आहे. मातापूर म्हणजे माहूर. आणि पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेयप्रभूंचे स्थान माहूरलाच. परमेश्वराच्या एका अवताराच्या स्थानी जाण्यास दुसऱ्या अवताराने मनाई करावी हे वरवर पाहता अनाकलनीय आहे. परंतु ही स्थाने साभिमान आहेत, तेथील देवता साधकाला विघ्न करतात, हे कारण पुढे आले की निषेधाचा रोख गावावर नसून देवतेच्या आकर्षणावर आहे हे उलगडते. मग माहूरच्या देवदेवेश्वरी जाणाऱ्या महानुभावाला आज्ञाभंगाचे भय उरत नाही. कानड आणि तेलंग देशांत न जाण्याच्या आज्ञेचेही तसेच. ते देश विषयबहुल, तेथे साधकाला मानसन्मान मिळून तो ढळेल, असे तिचे कारण सांगितले जाते. यावर कोणी म्हणेल की, स्वामी स्वतः आंध्रात हिंडले, तेथे घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी त्यांचा विवाह झाल्याचे लीळाचरित्रच सांगते, मग शिष्यांना बंदी का? येथे आज्ञा विरुद्ध आज्ञा असा विरोध नसून आज्ञा विरुद्ध आचरण असा आहे. भागवताच्या दशम स्कंधात परीक्षिताने रासक्रीडेविषयी शुकाला हाच प्रश्न विचारला आहे आणि समर्थांचे वचन प्रमाण धरावे, आचरण मात्र वचनाशी जुळेल तेवढेच अनुकरावे, असे उत्तर त्याला मिळाले आहे. ते उत्तर चतुर आहे. समाधानकारक आहे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. परीक्षिताने पुन्हा विचारले नाही एवढेच आपल्याला दिसते.

स्त्रियांविषयीच्या वचनांपाशी आले की प्रकरणाची ताकद निम्मी होते. एकीकडे विटाळाच्या प्रसंगी स्वामी त्या स्रावाला शरीराच्या इतर स्रावांच्या पंक्तीला बसवतात आणि शतकांचा कलंक एका शारीर उपमेने पुसून टाकतात. दुसरीकडे आचारसूत्रांत चित्रातली स्त्रीसुद्धा पाहू नये असे आहे, आणि इतर मादक द्रव्ये सेवन केल्यावर माजवतात, स्त्री दर्शनानेच माजवते, असे कारणही आहे. प्रकरण सांगेल की पहिले वचन भक्त स्त्रीला आणि दुसरे पुरुष साधकाला उद्देशून आहे. म्हणून विरोध नाही. व्याकरणाच्या दृष्टीने हे खरे. परंतु दुसरे वचन उच्चारले गेले तेव्हा मंडळीत महदाइसा, उमाइसा, बाइसा यांपैकी कोणी असेलच, तर तिने ते कसे ऐकले असेल? जिचा निषेध चालला आहे तीच श्रोत्यांत बसली आहे. सूत्राच्या रचनेत तिला जागा नाही. 'स्मृतिस्थळा'त मात्र ती जागा अकस्मात निर्माण होते. पंडितांनी संस्कृतात लिहावे-बोलावे याला नागदेवाचार्यांनी नकार दिला तो आपल्या म्हाताऱ्या स्त्रिया त्यामुळे ज्ञानाला मुकतील म्हणून. मराठीच्या अभिमानाचा पुरावा म्हणून हा प्रसंग आपण वारंवार उद्धृत करतो; तो त्याहून अधिक आहे. आचार्यांनी येथे संहितेचा श्रोता बदलला आहे.

आता मुंगी आणि घर यांच्याकडे वळू. येथे प्रकरण हताश होते असे माझे मत आहे आणि त्याचे कारण पद्धतीच्या रचनेतच आहे. प्रकरणाला दोन टोके असतात, वक्ता आणि श्रोता. आप्तांचा त्याग कर, या वचनाचा संदर्भ शोधला की शिष्याची आसक्ती दिसते, त्याचे मागे मागे पाहणे दिसते, ते तोडण्याची गुरूची करुणाही दिसते. पण ज्यांचा त्याग करायचा ते आप्त त्या संवादात उपस्थित नाहीत. संदर्भ कितीही बारकाईने उभा केला तरी तो सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचाच राहतो. ज्याच्याविषयी सांगितले जाते त्या तिसऱ्याचे प्रकरण कोणीच लिहिलेले नाही. मुंगीच्या वचनाचे वैशिष्ट्य असे की ते नेमके त्या तिसऱ्याच्या बाजूने उच्चारलेले आहे. म्हणून या दोन आज्ञांतला विरोध श्रोतृभेदाने, कालभेदाने वा अधिकारभेदाने मिटत नाही. दोन्हींचा श्रोता एकच साधक आहे, काळही तोच. पंथाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, पंथात स्त्रियांना संन्यास खुला होता, तेव्हा मागे राहणे हे स्त्रीचे अटळ प्राक्तन नव्हते. हे खरे आहे आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. तरीही जी आली तिची लीळा झाली. जी आली नाही तिच्याविषयी पोथ्या बोलत नाहीत. महदाइसा स्वतः विधवा होती, जिज्ञासू आणि चर्चक म्हणून तिची ख्याती होती. वैधव्याची ती उपमा तिच्या कानी पडली असेल तेव्हा ती तिच्यासाठी केवळ उपमा राहिली नसेल.

हाच विरोध अधिक व्यापक पातळीवर पंथाच्या अवतारकल्पनेत आहे. श्रीकृष्ण हाही पंचकृष्णांपैकी एक, म्हणजे तोच परमेश्वर. त्याने कुरुक्षेत्रावर अर्जुनाला युद्ध करण्यास सांगितले. अठरा अक्षौहिणींपैकी किती स्त्रिया विधवा झाल्या ते महाभारताच्या स्त्रीपर्वात आहे. त्याच श्रीकृष्णाने भागवताच्या एकादश स्कंधात उद्धवाला सर्वत्याग करून बदरिकाश्रमी जाण्यास सांगितले. आणि तोच परमेश्वर गोदातीरी मुंगीविषयी बोलला. महानुभावांनी गीतेवर अनेक टीका लिहिल्या हे खरे. पण पंथाच्या कवींचा ओढा कोणीकडे होता हे भास्करभट्ट बोरीकरांच्या ग्रंथरचनेवरून कळते. त्यांचे 'शिशुपालवध' शृंगारामुळे निवृत्तांच्या जोगे नाही असा अभिप्राय गुरुबंधूने दिला आणि त्यांनी पुढे 'उद्धवगीता' लिहिली. एकाच देवाच्या दोन आज्ञांपैकी युद्धाची आज्ञा मागे पडून संन्यासाची पुढे आली, ती वादात जिंकून नव्हे; वाङ्मयीन अभिरुचीच्या वाटेने आली.

अर्जुनाला दिलेल्या आज्ञेचे एक वैशिष्ट्य असे की तिचे प्रकरण मुळात सुटलेलेच नाही. रणभूमी, रथ, समोरचे आप्त हे सारे संहितेतच आहे. संदर्भवादी वाचकाने तर ती आज्ञा त्या दिवसापुरती आणि त्या माणसापुरती मानून मोकळे व्हायला हवे. इतिहासात घडले ते उलटे. टिळकांनी 'गीतारहस्या'त १९१५ साली त्या आज्ञेचे सार्वत्रिक कर्मयोगात रूपांतर केले. गांधींनी 'अनासक्तियोगा'त युद्धालाच रूपक ठरवले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली प्रवचने याच अहिंसक वाचनाला मराठी घरांत घेऊन गेली. एकाने संदर्भ ओलांडला, दुसऱ्याने तो विरघळवला. मेलेल्यांच्या मागे राहिलेल्यांचा हिशेब दोन्ही वाचनांत दुय्यमच राहिला.

तो हिशेब ज्याने मागितला त्याचा भंडाऱ्याशी संबंध वेगळ्या कारणाने आला. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. आमच्या जिल्ह्याच्या आठवणीत हा पराभव आहे. त्याच काळात ते हिंदू धर्मग्रंथांतील कोड्यांवर लिहीत होते हे तितकेसे आठवले जात नाही. पदव्युत्तर वर्गात महानुभाव घरांतली आणि बौद्ध घरांतली मुले एकाच बाकावर बसतात आणि 'सूत्रपाठ' शिकवताना आंबेडकरांचे नाव शिक्षकाने काढले नाही तर ती काढतात. ते योग्यच आहे.

लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण तेथे करता न आलेल्या आणि १९३६ साली छापलेल्या भाषणात आंबेडकरांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम काय करावे ते ठरवून देतो. तत्त्व न्याय करण्याची पद्धत देते, म्हणून तत्त्वाने वागणारा माणूस आपल्या कृतीला जबाबदार राहतो. या कसोटीवर महानुभाव सूत्रे लावून पाहिली तर मला असे दिसते की, आप्तत्यागाची आज्ञा नियम आहे. ती पाळली की नाही हे सांगता येते. मुंगीच्या वैधव्याची आज्ञा नियम म्हणून पाळताच येत नाही. कोणत्या मुंगीचे कोण गेले हे कोणाला कळणार? तिची अतिशयोक्तीच तिला तत्त्वाच्या पातळीवर नेते, वाचकावर निवाड्याची जबाबदारी टाकते. एकाच सूत्रपाठात नियम आणि त्या नियमावर निवाडा देऊ शकणारे तत्त्व अशी दोन्ही आहेत. पंथीय टीकेने दोहोंना 'आज्ञा' ही एकच संज्ञा दिली आणि त्यामुळे दुसऱ्याने पहिल्याची तपासणी करण्याचा मार्ग बंद झाला. वाचस्पतिमिश्राला दिसलेला तो शेष येथेही होता. त्याला नाव मिळाले नाही.

आंबेडकरांचे गीतेवरील लेखन याच्या पुढचे पाऊल आहे. आत्मा मरत नाही म्हणून देहाला मारण्यात दोष नाही, हा बचाव खुनाच्या खटल्यात कृष्णाने वकील म्हणून मांडला तर त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होईल, असे त्यांनी लिहिले. विधान कठोर आहे. वाङ्मयीन दृष्टीने ते संवादाची जागा बदलणे आहे. रथातून न्यायालयात गेल्याबरोबर तिसरा पक्ष हजर होतो. मृताच्या वतीने तेथे कोणीतरी उभे असते. 'रिडल्स इन हिंदुइझम'च्या राम आणि कृष्ण यांवरील परिशिष्टातही तेच घडते. शंबूकवध आणि सीतात्याग यांचा विचार ते रामाच्या धर्मसंकटातून करत नाहीत, शंबूकाच्या आणि सीतेच्या बाजूने करतात. प्रकरणवशाच्या पंडितांना जे करता आले नाही ते येथे होते. त्याची किंमतही आहे. आंबेडकर वक्त्याचा प्रसंग जवळजवळ पूर्णपणे पुसून टाकतात, आणि ज्या संहितेचे पाठभेदही 'वासना' म्हणून जपले गेले अशा संहितेला ही पद्धत जशीच्या तशी लावली तर पुष्कळ काही हरवेल. पण तिसऱ्याला बोलू देण्यासाठी वक्त्याला गप्प करावेच लागते असे नाही. 'लीळाचरित्रा'त हिराइसेचे स्मरण आणि पंडितांचे स्मरण एकाच पानावर नांदू शकले.

महाराष्ट्र शासनाने आंबेडकरांच्या लेखनाचा हा चौथा खंड १९८७ साली प्रसिद्ध केला तेव्हा त्या परिशिष्टावरून मोठा वाद उसळला. एका बाजूने परिशिष्ट वगळण्याची मागणी झाली, दुसऱ्या बाजूने ते राखण्यासाठी १९८८ च्या आरंभी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी परिशिष्ट राहिले आणि त्यात व्यक्त झालेल्या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशी टीप त्याला जोडण्यात आली. संहितेला प्रसंगाचे आणि उद्देशाचे स्पष्टीकरण चिकटवण्याची ही जुनी रीत; या वेळी ती सचिवालयाने पाळली.